छिद्र मिळालं, धागाही ओवला गेला. मग १६ वर्षं कशात गेली?

अतिसूक्ष्म छिद्रातून, म्हणजे नॅनोपोअरमधून, डीएनएचा धागा ओवून त्यावरची अक्षरं वाचायची, त्या पद्धतीची ही गोष्ट. टेफ्लॉनचा एक लहानसा ठोकळा. त्यात दोन कप्पे आणि मधल्या पातळ पडद्याला केसाच्या जाडीएवढं भोक. दोन्ही कप्प्यांत पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण भरायचं, लिटरला साधारण ७५ ग्रॅम, म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या दुपटीहून खारट. मग ब्रशचा एकच केस घेऊन त्याने लिपिडचा, म्हणजे पेशींची आवरणं ज्या मेदाची बनतात त्याचा, अगदी बारीक थेंब त्या भोकावर फिरवायचा. थेंब पसरतो, पातळ होत जातो आणि शेवटी दोनच रेणूंच्या जाडीचा पडदा उरतो. दोन्ही बाजूंना चांदीच्या तारा, त्यांच्यात १२० मिलिव्होल्टचा दाब. संगणकाच्या पडद्यावर प्रवाहाची रेघ शून्यावर सरळ धावत असते, कारण मेदाच्या पापुद्र्यातून आयन, म्हणजे द्रावणातले विद्युतभार असलेले कण, जात नाहीत.

आता एका कप्प्यात अल्फा-हिमोलायसिन नावाचं प्रथिन किंचितसं टाकायचं आणि वाट बघायची. काही मिनिटं काहीच होत नाही. मग रेघ एकाएकी उडी मारते आणि १२० पिकोअँपिअरवर स्थिरावते. पापुद्र्यात एक छिद्र बसलं. लगेच उरलेलं प्रथिन धुऊन काढायचं, नाहीतर दुसरं, तिसरं छिद्र बसेल आणि सगळा खेळ बिघडेल. हे सगळं धातूच्या पेटीत बंद करून करायचं, कारण घरच्या विजेची गुणगुणसुद्धा या सूक्ष्म प्रवाहापेक्षा मोठी असते.

याच मांडणीतून १९९६ साली डीएनएचा एकेक रेणू आरपार जातो हे दाखवलं गेलं. आणि त्या डीएनएवरची अक्षरं याच पद्धतीने क्रमाने उलगडू लागली ती २०१२ साली. मधली १६ वर्षं कशात गेली, हा या प्रकरणाचा विषय. नॅनोपोअरबद्दल मराठीत जे थोडंफार लिहिलं जातं त्यात शेवटी तयार झालेल्या, खिशात मावणाऱ्या यंत्राचं कौतुक असतं. मला स्वतःला ही मधली वर्षं जास्त मोलाची वाटतात, कारण रेणूंची वाहतूक म्हणजे काय हे तिथेच कळतं.

सुरुवात बुडबुड्यापासून

डेव्हिड डीमर हे पेशींच्या पटलांचे अभ्यासक. १९८९ साली ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसच्या शाखेत होते. त्यांचा मूळ प्रश्न जनुकं वाचण्याचा नव्हताच. त्यांना कुतूहल होतं ते जीवसृष्टीच्या आरंभाचं. मेदाच्या बुडबुड्यासारखी पहिली पेशी धरली, तर तिच्यात डीएनए-आरएनएचे सुटे घटक, न्यूक्लिओटाइड, शिरले कसे? त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो आणि मेदाला भाराचं वावडं. पडदा त्यांना आत घेत नाही. पडद्याला छिद्र असेल आणि विजेच्या दाबाने ओढलं, तर मात्र ते जातील.

त्या वर्षी जूनमध्ये ओरेगॉनमध्ये गाडी चालवत असताना डीमर यांच्या मनात हाच विचार एक पाऊल पुढे सरकला. सुटं न्यूक्लिओटाइड छिद्रातून जाताना आयनांची वाट थोडी अडवेल. मग न्यूक्लिओटाइडांची सबंध माळ गेली तर? ए, सी, जी, टी या चार अक्षरांचा आकार वेगवेगळा, म्हणून अडथळाही वेगवेगळा. प्रवाहाचे चढउतार नोंदत गेलं की माळ वाचून होईल. २५ जून १९८९ या तारखेने त्यांनी वहीत चित्रासह ही नोंद केली.

या विचाराला पूर्वज होता. वॉलेस कूल्टर यांनी १९५३ साली पेटंट घेतलेली रक्तपेशी मोजण्याची युक्ती हीच आहे: बारीक भोकातून खारं पाणी वाहतं, पेशी गेली की प्रवाह क्षणभर घटतो, एक खूण पडते. पॅथॉलॉजी लॅबमधून सीबीसीचा जो कागद हातात येतो, त्यातले बरेच आकडे आजही याच तत्त्वावर निघतात. डीमर यांना तेच भोक हजारो पटींनी लहान हवं होतं.

हार्वर्डचे डॅनियल ब्रँटन हे डीमर यांचे १९६० च्या दशकापासूनचे सहकारी. १९९१ मध्ये दोघांचं यावर बोलणं झालं आणि कळलं की हार्वर्डमध्येच जनुकशास्त्रज्ञ जॉर्ज चर्च यांच्याही डोक्यात असंच काही घोळतं आहे. १९९५ मध्ये त्यांनी मिळून पेटंटसाठी अर्ज केला. कल्पना कागदावर पक्की होती. अडलं होतं छिद्रापाशी.

हवं तरी कसं छिद्र? डीएनएचा एकेरी धागा जेमतेम एक-सव्वा नॅनोमीटर रुंद (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग). दुहेरी पीळ दोन नॅनोमीटरचा. छिद्र असं पाहिजे की एकेरी धागा घासत जाईल आणि दुहेरी पीळ दारातच अडेल. त्या काळात एवढं बारीक भोक पाडणारं कोणतंही यंत्र माणसाकडे नव्हतं. पण ते काम स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जीवाणू कायमच करत आला आहे. आपल्या त्वचेवर, नाकात राहणारा हा जीवाणू एक विष सोडतो. त्या विषाचे सात तुकडे आपल्या तांबड्या रक्तपेशीवर एकत्र जुळून पिंपासारखी नळी बनवतात आणि पेशीला भोक पडतं. तेच अल्फा-हिमोलायसिन. अमेरिकेत मेरीलँडमधल्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेत जॉन कासियानोविच यांनी या छिद्राचा बारकाईने अभ्यास केला होता. डीमर आरएनएचे नमुने घेऊन त्यांच्या प्रयोगशाळेत गेले. नमुना टाकला आणि स्थिर रेघेत खाली जाणारे बारीक काटे दिसू लागले.

काटे कशाचे?

इथे घाई करण्याचा मोह किती मोठा असेल, याची कल्पना करून बघा. प्रवाह खाली येतो, म्हणजे रेणू गेला, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण काटा दिसण्याला इतरही कारणं असू शकतात. रेणू छिद्राच्या तोंडाशी येऊन नुसता आपटून परत गेला असेल. अर्धवट आत शिरून अडकला असेल. प्रथिनच थरथरलं असेल. नोव्हेंबर १९९६ मध्ये कासियानोविच, एरिक ब्रँडिन, ब्रँटन आणि डीमर यांचा जो शोधनिबंध आला, त्याचं खरं बळ काट्यांत नाही, त्यांनी केलेल्या शहानिशेत आहे.

पहिली तपासणी लांबीची. रेणू खरोखर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओवला जात असेल, तर दुप्पट लांब रेणूला दुप्पट वेळ लागला पाहिजे. लागला. काही अगदी आखूड काटे मात्र लांबीशी नातं ठेवत नव्हते. ते दारावर डोकावून परतणाऱ्या रेणूंचे, असं त्यांनी वेगळं काढलं. दुसरी तपासणी दाबाची: व्होल्टेज वाढवलं की काट्याची रुंदी त्याच प्रमाणात घटली, म्हणजे ओढणारी ताकद वीजच होती.

तिसरी तपासणी मला सगळ्यांत आवडते. पलीकडच्या कप्प्यातलं पाणी काढून त्यात डीएनए सापडतो का ते पाहिलं. एका छिद्रातून जाणारे रेणू ते किती, ते पाण्यात शोधायचे कसे? त्यासाठी पीसीआर. कोविडच्या काळात घरोघरी पोचलेला हा शब्द इथे त्याच कामाला आला: मोजकेच रेणू असतील तर त्यांच्या असंख्य प्रती काढून ते दिसण्याजोगे करणं. एकेरी डीएनए पलीकडे सापडला. दुहेरी टाकला तेव्हा नाही सापडला. दार जितकं अरुंद असल्याचा अंदाज होता, तितकंच ते होतं.

महिन्याभरातच अल्फा-हिमोलायसिनची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली. एकूण १० नॅनोमीटर लांबीची, छत्रीच्या आकाराची नळी. वरती प्रशस्त ओसरी, मग १.४ नॅनोमीटरची गळचेपी, आणि खाली पाच-एक नॅनोमीटरचं लांबट पिंप. ही रचना बघून आनंद झाला असणार. पण पुढच्या अडचणीही याच चित्रात लिहिलेल्या होत्या.

शंभर आयनांचा हिशेब

आता थोडं गणित. अवघड नाही, पण यावाचून पुढचं काही समजणार नाही.

१२० पिकोअँपिअर म्हणजे सेकंदाला सुमारे ७५ कोटी आयन. आकडा मोठा वाटतो. पण मोकळा सोडलेला धागा छिद्रातून जातो तेव्हा एकेक अक्षर वाट्याला येतं एक ते काही मायक्रोसेकंद. एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, मोकळ्या छिद्रातून जाणार ७५० आयन. धागा आत असला की वाट ८५ टक्के किंवा त्याहून जास्त बंद. उरले जेमतेम १००.

अक्षर ए आहे की सी, हे या १०० आयनांच्या संख्येत पडणाऱ्या लहानशा फरकावरून ठरवायचं. आणि आयन काही रांग लावून, शिस्तीत जात नाहीत. ते यदृच्छेने जातात. सरासरी १०० असेल तर एखाद्या वेळी ९० जातील, एखाद्या वेळी ११०. ही १० ची हालचाल निसर्गाचीच आहे. उपकरण कितीही उत्तम आणलं तरी ती जात नाही. अक्षरांमधला फरक त्या हालचालीत बुडून जातो. वर उपकरणाची स्वतःची मर्यादा वेगळीच. इतका क्षीण प्रवाह स्वच्छ मोजायचा तर प्रत्येक मोजणीला शंभरेक मायक्रोसेकंद द्यावे लागतात, आणि तेवढ्यात डझनावारी अक्षरं निघून गेलेली असतात.

तेच अक्षर १० मिलिसेकंद थांबलं तर? १०० च्या जागी १० लाख आयन. त्यांची यदृच्छ हालचाल १,००० ची, म्हणजे ०.१ टक्का. मग एक-दोन टक्क्यांचा फरकही ठळक दिसेल. म्हणजे पाहिजे होती ती दहा हजारपट सवड.

म्हणून पहिला प्रयत्न साहजिकच धीमं करण्याचा झाला. व्होल्टेज कमी करा. पण आयनांनाही तेच व्होल्टेज ओढतं, त्यामुळे प्रवाहही घटतो, आणि धागे दारापर्यंत येण्याचंच प्रमाण झपाट्याने खाली येतं. द्रावण थंड करा, ग्लिसरॉल घालून दाट करा. धागा रेंगाळतो, पण त्याच्याबरोबर आयनही रेंगाळतात. असे सगळे उपाय एकत्र करून दहापटीच्या आसपास मजल जाते. हवी होती दहा हजारपट.

आणि समजा गती तितकी उतरवलीच, तरी एक गोष्ट उरते. पाण्यात बुडालेला रेणू कधी स्वस्थ नसतो. पाण्याचे कण त्याला चहूबाजूंनी धक्के देत असतात. ओढ जोरात असते तेव्हा हे धक्के झाकले जातात. ओढ सैल केली की तेच वरचढ होतात. धागा चार अक्षरं पुढे, दोन मागे, परत तीन पुढे असा डुलत राहतो. म्हणजे सरासरी गती मंद झाली तरी तुम्ही कोणतं अक्षर बघत आहात हे सांगता येत नाही. तेच अक्षर दोनदा मोजलं की दोन सारखी अक्षरं आली, हे कळायला मार्ग नाही. माझ्या मते या सबंध प्रकरणाची गाठ इथे आहे. बराच काळ सगळे मंदपणाच्या शोधात होते, आणि लागणार होतं ते पाऊल. शिलाई मशीनमध्ये सुईखालचे दाते कापड एकेक टाका पुढे सरकवतात आणि दोन टाक्यांमध्ये ते घट्ट धरून ठेवतात. कापड हाताने कितीही हळू ओढलं तरी तसा टाका पडत नाही.

एक खोटी पहाट, एक आडवाट

१९९९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्याच सांताक्रूझच्या शाखेतून मार्क एकेसन, डीमर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की निव्वळ ए अक्षरांचा आरएनए आणि निव्वळ सी अक्षरांचा आरएनए यांचे काटे वेगळे ओळखता येतात. एवढंच नव्हे, एकाच रेणूत ३० ए आणि पुढे ७० सी जोडले तर काट्यातच पायरी दिसते. बातमी आनंदाची होती. पण बारकाईने बघितल्यावर एक विसंगती समोर आली: सी हे ए पेक्षा लहान अक्षर, तरी सी ची माळ प्रवाह जास्त अडवत होती. म्हणजे दिसत होता तो अक्षराचा आकार नव्हेच. ए ची आणि सी ची माळ स्वतःभोवती वेगवेगळ्या तऱ्हेने वळते, त्या वळणाचा तो फरक होता. एकाच अक्षराच्या लांब माळेत हे दिसतं. अक्षरं मिसळली की वळणंच मोडतात. लेखकांनी हे स्वतःच मांडलं, याबद्दल त्यांचा मला फार आदर वाटतो. हाती आलेलं यश आपल्याला वाटतं त्या कारणाने आलेलं नाही, हे स्वतः शोधून सांगायला मोठं मन लागतं.

दरम्यान दुसरा एक मार्ग खुला झाला. २००१ मध्ये हार्वर्डमध्ये जीन गोलोव्हचेंको यांच्या गटाने आयनांच्या झोताने सिलिकॉन नायट्राइडमध्ये नॅनोमीटरची छिद्रं घडवली. पुढे नेदरलँड्समधल्या डेल्फ्टमध्ये सीस डेकर यांच्या गटाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीच्या झोताखाली तीच गोष्ट साधली. टिकाऊ, कणखर छिद्रं. मात्र वेगाचा प्रश्न तिथे आणखी बिकट होता.

आणि ऑक्सफर्डची वाट. हेगन बेली हे अल्फा-हिमोलायसिनचे जाणकार. स्फटिकरचनेच्या शोधनिबंधातही त्यांचं नाव आहे. त्यांच्या कामावर २००५ मध्ये ऑक्सफर्ड नॅनोपोअर ही कंपनी उभी राहिली. त्यांनी प्रश्नाला बगल देऊन पाहिली: धागा ओढायचाच नाही. एक एन्झाइम धाग्याच्या टोकापासून एकेक अक्षर कातरून सोडेल आणि सुटं अक्षर छिद्रात पडेल. छिद्राच्या आत सायक्लोडेक्स्ट्रिन या शर्करेच्या रेणूचं एक कडं बसवलं, जेणेकरून अक्षर तिथे क्षणभर टेकेल. २००९ मध्ये त्यांनी सुटी अक्षरं सरासरी ९९.८ टक्के अचूकतेने ओळखून दाखवली. काम देखणं होतं. पण कातरलेलं प्रत्येक अक्षर छिद्रातच पडलं पाहिजे, आणि कातरलं त्याच क्रमाने. पाण्यात सुटलेला लहानसा रेणू कुठेही भरकटू शकतो. एक जरी निसटलं तर पुढचा मजकूर सरकला. कंपनीने अखेर ही वाट सोडून सबंध धागा ओढण्याकडेच मोर्चा वळवला.

छिद्राचा गळा आणि दारातला हमाल

एव्हाना स्पष्ट झालं होतं की गाठी दोन आहेत.

एक गाठ छिद्राच्या लांबीची. अल्फा-हिमोलायसिनचं पिंप पाच नॅनोमीटर लांब, आणि धाग्यावर दोन अक्षरांमधलं अंतर जेमतेम अर्धा नॅनोमीटर. म्हणजे एका वेळी दहाएक अक्षरं पिंपात असतात आणि सगळ्यांचा मिळून एकच प्रवाह मोजला जातो. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले जेन्स गुंडलाख यांनी दुसरं छिद्र निवडलं: मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस या जीवाणूच्या आवरणातलं एमएसपीए. हा जीवाणू क्षयाच्या जंतूचा निरुपद्रवी भाऊबंद. त्याचं छिद्र नरसाळ्यासारखं, आणि सर्वांत अरुंद गळा सव्वा नॅनोमीटर रुंद, पण लांबीला फक्त अर्ध्या नॅनोमीटरच्या आसपास. वाचायला याहून नेमकी जागा मिळणार नाही. अडचण एकच: गळ्यात ऋण भाराची अमिनो आम्लं होती आणि डीएनएही ऋण. दोघं एकमेकांना ढकलत. गुंडलाख आणि अलाबामातले मायकेल नीडरवाइस यांच्या गटांनी ती अमिनो आम्लं बदलून टाकली. २००८ मध्ये या सुधारलेल्या छिद्रातून डीएनए जाऊ लागला.

दुसरी गाठ पावलाची. उत्तर पुन्हा जीवसृष्टीतूनच आलं. डीएनए एकेक अक्षर पुढे सरकवणं हे डीएनए पॉलिमरेज या एन्झाइमचं रोजचं काम आहे. पेशी विभागण्याआधी डीएनएची नक्कल करताना ते हेच करतं. मग ते छिद्राच्या तोंडाशी बसवा. एन्झाइमचा देह छिद्रापेक्षा मोठा. तो आत जाऊ शकत नाही, दारात अडून बसतो. खाली वीज ओढत राहते आणि वर एन्झाइम आपल्या ठरल्या पावलाने धागा सोडतं. सुरुवातीला वापरलेली पॉलिमरेजं विजेच्या ओढीपुढे टिकत नव्हती. काही मिलिसेकंदांत धागा त्यांच्या हातून सुटायचा.

टिकलं ते फाय-२९ या विषाणूचं पॉलिमरेज. मातीत राहणाऱ्या बॅसिलस सब्टिलिस या जीवाणूवर जगणारा हा विषाणू. माद्रिदमध्ये मार्गारिता सालास यांनी आयुष्यातली कितीतरी दशकं त्याच्या अभ्यासात घालवली. त्याचं पॉलिमरेज एकदा धाग्यावर बसलं की न सुटता हजारो अक्षरं उतरून घेतं, हे त्यांच्याच कामातून समजलं. सालास यांना नॅनोपोअरशी काही कर्तव्य नव्हतं. विषाणू आपली प्रत कशी काढतो, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. तरी २०१० मध्ये सांताक्रूझच्या गटाला छिद्राच्या दारात उभा करायला असाच चिवट हमाल हवा होता.

एक व्यावहारिक पेच उरला. पॉलिमरेज, अक्षरं आणि डीएनए एकाच द्रावणात टाकली की पॉलिमरेज तिथेच, छिद्रापर्यंत पोचण्याआधीच काम उरकून टाकणार. त्यावर काढलेली तोड अशी. जिथून नक्कल सुरू व्हायची त्या टोकाच्या अगदी पुढे डीएनएचा एक लहान तुकडा चिकटवून ठेवायचा. हा अडसर असेपर्यंत पॉलिमरेज धाग्यावर बसून राहतं, पण सुरुवात करू शकत नाही. छिद्राने धाग्याचं मोकळं टोक पकडलं की १८० मिलिव्होल्टच्या ओढीने अडसराचा तुकडा चेन उघडावी तसा उसवू लागतो, आणि धागा एकेक अक्षराने खाली उतरतो. अडसर पूर्ण सुटला की पॉलिमरेजला आपलं टोक सापडतं. ते नक्कल करू लागतं आणि धागा विजेच्या ओढीविरुद्ध पुन्हा वर खेचतं, तोही एकेक अक्षराने. म्हणजे तोच मजकूर एकदा उतरताना आणि एकदा चढताना, असा दोनदा वाचायला मिळतो. मला ही युक्ती वाचताना दर वेळी नव्याने आनंद होतो. कुलूप आणि किल्ली दोन्ही डीएनएचीच.

२०१२ मध्ये एकेसन यांच्या गटाने अल्फा-हिमोलायसिनवर हे दाखवलं; वेग सेकंदाला २.५ ते ४० अक्षरं. कुठे दहा लाख, कुठे चाळीस. त्याच सुमारास गुंडलाख यांच्या गटाने फाय-२९ चं पॉलिमरेज एमएसपीएच्या दारात बसवलं. आखूड गळा आणि एकेक पाऊल एकत्र आलं, आणि रेघ पायऱ्या-पायऱ्यांनी वर-खाली होताना दिसली. १९८९ च्या वहीत जे अपेक्षित होतं, ते २३ वर्षांनी कागदावर उमटलं.

तरीही अक्षर एकटं येत नाही

पायऱ्या दिसल्या म्हणजे वाचन झालं असं नाही. अर्ध्या नॅनोमीटरच्या गळ्यातसुद्धा प्रवाहावर साधारण चार अक्षरांचा मिळून परिणाम होतो. चार अक्षरांच्या जागी चौघांपैकी कुणीही, म्हणजे २५६ जोडण्या, आणि प्रत्येकीची आपली प्रवाहपातळी. गुंडलाख यांच्या गटाने या सगळ्या जोडण्यांचा तक्ता बनवला आणि २०१४ मध्ये फाय-एक्स-१७४ या ५,३८६ अक्षरांच्या विषाणूचा डीएनए त्यावरून ओळखून दाखवला. जोडाक्षरं वाचायला शिकण्यासारखंच हे. एकेक वर्ण सुटा दिसत नाही, पण पुढचं-मागचं माहीत असलं की उलगडतो.

एकाच अक्षराची लांब ओळ आली, एएएएएए अशी, की मात्र पंचाईत. धागा पुढे सरकतो, पण गळ्यातली चौकडी तीच, त्यामुळे पायरीच दिसत नाही. सहा होते की सात? ही खोड आजही पूर्ण गेलेली नाही. पुढच्या काही छिद्रांना एकाऐवजी दोन गळे दिले ते याचसाठी.

फेब्रुवारी २०१२ मध्ये ऑक्सफर्ड नॅनोपोअरने मिनायन या हातात मावणाऱ्या यंत्राची घोषणा केली, आणि निवडक संशोधकांच्या हाती ते २०१४ मध्ये पडलं. सुरुवातीची अचूकता निराश करणारी होती, आणि टीकाही तशीच झाली. त्यानंतर छिद्र बदललं; २०१६ पासून ई. कोलाय या जीवाणूच्या सीएसजीजी या प्रथिनावर बेतलेलं आलं. दारातला हमालही बदलला. पॉलिमरेजच्या जागी दुहेरी पीळ उसवत जाणारं हेलिकेज बसलं. गंमत बघा, ज्या धाग्याला आवरता आवरता १६ वर्षं गेली, तो आता पुन्हा वेगात सोडला जातो, सेकंदाला सुमारे ४५० अक्षरं. पण तो पावलं टाकत जातो.

या यंत्राने काय बदललं, हे एका प्रसंगावरून सांगतो. २०१५ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ चालू असताना जोशुआ क्विक हा तरुण संशोधक अशी यंत्रं विमानाच्या सामानात भरून गिनी देशात उतरला. तोवर रुग्णांचे नमुने परदेशी पाठवून क्रम वाचायला आठवडे लागायचे. या गटाने गिनीतच १४२ नमुने वाचले. नमुना हाती आल्यापासून २४ तासांच्या आत निकाल मिळत होता, आणि त्यातलं प्रत्यक्ष वाचन कधी अवघ्या १५ मिनिटांत उरकत होतं. कुणाचा विषाणू कुणाच्या साखळीतला, हे साथ चालू असतानाच कळू लागलं. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०१६ मध्ये, अंतराळवीर केट रुबिन्स यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात हेच यंत्र चालवलं.

धागा तुकडे न करता लांबच्या लांब ओवता येतो, याचा फायदा वेगळाच. २०१८ मध्ये माणसाचा जनुकसंच वाचताना एका सलग धाग्याची लांबी ८,८२,००० अक्षरांवर गेली. २००३ साली मानवी जनुकसंच पूर्ण झाल्याचं जाहीर झालं, तेव्हा सुमारे ८ टक्के भाग वाचायचा राहिला होता, कारण तिथे एकच मजकूर पुन्हा पुन्हा येतो आणि लहान तुकडे कुठे जोडायचे हेच कळत नाही. २०२२ मध्ये तो भरला गेला, त्यात या लांब धाग्यांचा वाटा मोठा आहे.

आता प्रथिनांच्या दारात

आज हाच प्रश्न प्रथिनांपुढे नव्याने उभा आहे, आणि तो जुन्यापेक्षा हट्टी आहे. डीएनएच्या प्रत्येक अक्षराला सारखाच ऋण भार असतो, म्हणून वीज त्याला एका दिशेने ओढते. प्रथिनाच्या माळेत २० तऱ्हेची अमिनो आम्लं. कुणी धन, कुणी ऋण, बहुतेकांना भारच नाही. म्हणजे ओढायला दोरीच नाही. शिवाय प्रथिन घडी घालून बसलेलं असतं.

२०२१ मध्ये हेन्री ब्रिंकरहॉफ आणि सीस डेकर यांच्या गटाने प्रथिनाच्या एका लहान तुकड्याला डीएनएचा धागाच जोडून दिला. एमएसपीएच्या दारात हेलिकेज बसवलं. ते डीएनएवरून पावलं टाकत चाललं की मागे बांधलेला प्रथिनाचा तुकडाही अर्ध्या अक्षराच्या पावलांनी गळ्यातून सरकतो, आणि एका अमिनो आम्लाचा बदलसुद्धा रेघेत दिसतो. तोच रेणू परत परत ओढून वाचता आला, त्यामुळे चुका धुऊन निघाल्या. पण हेलिकेज प्रथिनावर चालू शकत नाही. डीएनए संपला की त्याची पावलंही थांबतात, आणि तेवढ्या लांबीच्या पलीकडचं प्रथिन न वाचलेलंच राहतं. प्रथिनाच्या माळेवर, तिच्या वेड्यावाकड्या भारांना न जुमानता, एकेक अमिनो आम्ल मोजून पुढे सरकवणारा हमाल सध्या ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांत शोधला जात आहे.